टेलिकॉम विलीनीकरण आणि सामुदायिक माध्यमं: पहिल्यांदाच हरकत नोंदवणाऱ्यांसाठी

दोन टेलिकॉम किंवा केबल कंपन्या एक होणार, ही बातमी बहुधा शेअर बाजाराच्या पानावर येते. समभाग किती चढला, कर्ज किती, नवा अध्यक्ष कोण, एवढं त्यात असतं. त्या कंपन्यांच्या तारांवरून आणि लहरींवरून ज्या छोट्या माध्यमांचा आवाज लोकांपर्यंत जातो, त्यांचं पुढे काय होणार हे त्या पानावर कधीच नसतं. सामुदायिक रेडिओ, शहराची सार्वजनिक केबल वाहिनी (केबलवर स्थानिक लोकांच्या कार्यक्रमांसाठी राखलेली), महाविद्यालयाचं प्रसारण केंद्र, गावातल्या बायकांनी मोबाइलवर चालवलेलं बातमीपत्र, या सगळ्यांना पोहोचण्यासाठी दुसऱ्याच्या मालकीचं जाळं वापरावं लागतं. जाळ्याचे मालक चार असतील तर एकाने दार लावलं तरी दुसरीकडे जाता येतं. दोनच उरले की अटी तेच ठरवतात.

या व्यवहारांना सरकारी परवानगी लागते आणि ती देताना बहुतेक लोकशाही देशांत जनतेचं म्हणणं ऐकण्याची काही ना काही सोय असते. ती सोय वापरायची कशी, हे या लेखात सांगतो. आजवर एकदाही नियामक संस्थेला पत्र लिहिलेलं नाही, अशा माणसाला किंवा छोट्या गटाला डोळ्यांपुढे ठेवून लिहितो आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. विलीनीकरण पूर्ण थांबवणं फार थोड्या वेळा जमतं. परवानगीला अटी जोडून घेणं त्याच्या कितीतरी जास्त वेळा जमतं. सामुदायिक माध्यमांच्या पदरात जे पडतं ते या अटींमधूनच. त्यामुळे ‘हे होऊ देऊ नका’ असं म्हणायचं असेल तर जरूर म्हणा, पण त्याच कागदावर ‘आणि होऊ देणार असाल तर या अटी घाला’ हेही लिहा. पहिलं वाक्य लिहून थांबणारे गट मी फार पाहिले. निकालात त्यांचं नाव येतं, मागणी येत नाही.

पायरी १: परवानगी कोण देतं ते आधी शोधा

एका व्यवहाराला सहसा दोन किंवा जास्त दारांतून जावं लागतं आणि प्रत्येक दारात वेगळा प्रश्न विचारला जातो. स्पर्धा पाहणारी संस्था विचारते, बाजारातली चुरस कमी होईल का, भाव वाढतील का. दूरसंचार किंवा प्रसारणाची नियामक संस्था विचारते, हा परवाना दुसऱ्याच्या हाती देणं जनहिताचं आहे का. सामुदायिक माध्यमांचा मुद्दा पहिल्या दारात बसवायला कष्ट पडतात. दुसऱ्या दारात तो थेट मांडता येतो.

अमेरिकेत हा फरक स्पष्ट दिसतो. तिथे न्याय विभागाला विलीनीकरण रोखायचं असेल तर न्यायालयात जाऊन स्वतः सिद्ध करावं लागतं की स्पर्धेला बाधा येते. एटी अँड टी ही दूरसंचार कंपनी आणि टाइम वॉर्नर ही माध्यम कंपनी यांच्या प्रकरणात २०१८ साली विभाग तिथेच हरला. याउलट फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनसमोर (दूरसंचार-प्रसारणाची नियामक संस्था, पुढे ‘अमेरिकी आयोग’) १९३४ च्या कायद्यानुसार कंपन्यांनाच दाखवावं लागतं की परवान्याचं हस्तांतरण जनहिताचं आहे. सिद्ध करण्याचं ओझं उलट बाजूला असतं. छोट्या गटासाठी ही मोठी सवलत आहे.

कॅनडात एकाच व्यवहाराकडे स्पर्धा विभाग, प्रसारण-दूरसंचार आयोग आणि स्पेक्ट्रमचं (रेडिओ लहरींच्या वाटपाचं) खातं सांभाळणारे मंत्री असे तिघे पाहू शकतात. ब्रिटनमध्ये २००२ च्या एंटरप्राइज कायद्याखाली मंत्री माध्यमांतल्या विविधतेच्या मुद्द्यावर हस्तक्षेप करू शकतात. फॉक्सने स्काय ही टीव्ही कंपनी पूर्ण ताब्यात घ्यायचा प्रयत्न केला तेव्हा याच मुद्द्यावर चौकशी झाली होती.

भारतात भारतीय स्पर्धा आयोग, दूरसंचार विभाग, प्रसारणाचा संबंध असेल तर माहिती व प्रसारण मंत्रालय, आणि कंपन्यांच्या एकत्रीकरणाच्या योजनेसाठी राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरण अशी दारं आहेत. यातलं शेवटचं दार सामान्य ग्राहकासाठी जवळजवळ बंद आहे: २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार किमान दहा टक्के भागधारणा किंवा पाच टक्के थकीत कर्ज असलेल्यालाच तिथे योजनेला हरकत घेता येते. मात्र योजनेची नोटीस संबंधित नियामकांना पाठवावी लागते आणि त्यांना तीस दिवसांत म्हणणं मांडता येतं. म्हणून न्यायाधिकरणाच्या पायऱ्या झिजवण्यापेक्षा ज्या नियामकाला ती नोटीस गेली आहे त्याला लिहा. आपला मुद्दा त्याच्या पत्रातून आत जाऊ शकतो.

पायरी २: प्रकरण क्रमांक आणि मुदत

ही पायरी छोटी आहे, पण चुकली तर बाकीची मेहनत वाया. बातमी येणं आणि अर्ज दाखल होणं यात अनेकदा काही आठवडे जातात. घड्याळ अर्ज दाखल झाल्यावर किंवा नियामकाने जाहीर सूचना काढल्यावर सुरू होतं. त्या सूचनेत प्रकरण क्रमांक असतो आणि मुदती असतात: हरकती कधीपर्यंत, कंपनीचं उत्तर कधीपर्यंत, त्यावर आपलं प्रत्युत्तर कधीपर्यंत. तिन्ही तारखा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. प्रत्युत्तराची तारीख बहुतेक जण विसरतात, आणि कंपनीने उत्तरात केलेले दावे मग तसेच उभे राहतात.

अमेरिकी आयोग स्वतःसाठी १८० दिवसांचं अनौपचारिक वेळापत्रक पाळतो, गरज वाटली तर ते थांबवतो. भारतात स्पर्धा कायद्यातल्या २०२३ च्या दुरुस्तीनंतर स्पर्धा आयोगाला एकूण १५० दिवस आहेत. आयोग दाखल झालेल्या व्यवहारांचा सारांश संकेतस्थळावर टाकतो, पण जनतेकडून औपचारिकपणे हरकती मागवतो ते प्रकरण सखोल चौकशीच्या टप्प्यात गेलं तरच. तिथवर न पोहोचताच बहुतेक प्रकरणं मंजूर होतात. म्हणून बोलावणं येईल याची वाट पाहू नये. सारांश दिसताच लेखी निवेदन पाठवून पोच घ्यावी, असं माझं ठाम मत आहे.

पायरी ३: कंपनीचा अर्ज वाचा, शेवटच्या जोडपत्रापर्यंत

अर्ज शेकडो पानांचा असतो. घाबरू नका, सगळं वाचायचं नाही. जनहिताचे फायदे सांगणारा भाग आधी काढा. तिथे कंपन्या सांगतात की एकत्र आल्यामुळे अमुक इतक्या घरांना वेगवान इंटरनेट मिळेल, ग्रामीण भागात जाळं पोहोचेल, गुंतवणूक वाढेल. प्रत्येक दाव्यासमोर तीन प्रश्न लिहा. हे विलीनीकरणाशिवाय झालं नसतं का? कधीपर्यंत होईल? नाही झालं तर कंपनीला काय भोगावं लागेल?

पहिला प्रश्न किती धारदार असतो ते २०११ मध्ये दिसलं. एटी अँड टीला टी-मोबाइलची अमेरिकी कंपनी ३९ अब्ज डॉलरला घ्यायची होती आणि तिचा मुख्य दावा होता की विलीनीकरणामुळे नवं एलटीई (४जी) जाळं ८० टक्क्यांऐवजी ९७ टक्के लोकांपर्यंत नेता येईल. ऑगस्टमध्ये कंपनीच्या बाजूच्या वकिलांचं एक गोपनीय पत्र चुकून अमेरिकी आयोगाच्या संकेतस्थळावर आलं. त्यात कंपनीचाच अंदाज होता की तेवढा विस्तार करायला सुमारे ३.८ अब्ज डॉलर पुरतील. जे काम दहाव्या हिश्शाच्या खर्चात होतं त्यासाठी प्रतिस्पर्धी विकत घ्यायची गरज काय, हा प्रश्न मग सगळ्यांनी विचारला. महिनाअखेरीस न्याय विभागाने दावा ठोकला आणि डिसेंबरमध्ये व्यवहार सोडून द्यावा लागला. असे कागद रोज हाती लागत नाहीत हे खरं, पण तो कागद पाहून त्याचं महत्त्व ओळखणारे वाचक प्रकरणावर आधीपासून नजर ठेवून होते.

यानंतर अर्जात आपल्याबद्दल काय आहे ते शोधा. सामुदायिक वाहिनी, स्थानिक कार्यक्रम, मनोऱ्यांचं भाडं, हे शब्द शोधून पाहा. बहुतेक वेळा काहीच सापडत नाही. ते मौनही नोंदवून ठेवा: ‘अर्जाच्या इतक्या पानांत स्थानिक वाहिन्यांचा एकदाही उल्लेख नाही’ हे हरकतीचं चांगलं पहिलं वाक्य होतं.

पायरी ४: तुमचा या प्रकरणाशी संबंध काय, हे लिहून काढा

‘तुम्ही कोण?’ हा प्रश्न येणारच. आज अनेक ठिकाणी कुणीही मत नोंदवू शकतो, पण मत नोंदवणं आणि पक्षकार म्हणून हरकत घेणं यात फरक आहे. पक्षकाराला निकालाविरुद्ध वर दाद मागता येते. त्यासाठी आपल्याला प्रत्यक्ष झळ कशी बसते हे दाखवावं लागतं.

हा हक्क लोकांना आपोआप मिळालेला नाही. मिसिसिपी राज्यात जॅक्सन शहरात डब्ल्यूएलबीटी नावाचं दूरचित्रवाणी केंद्र होतं. त्याच्या प्रसारणक्षेत्रात जवळपास ४५ टक्के वस्ती कृष्णवर्णीयांची, आणि नागरी हक्कांच्या चळवळीच्या बातम्या ते केंद्र दाबत होतं. युनायटेड चर्च ऑफ क्राइस्टच्या संपर्क कार्यालयाचे एव्हरेट पार्कर यांनी १९६४ साली स्थानिक लोकांना सोबत घेऊन परवान्याच्या नूतनीकरणाला हरकत घेतली. आयोगाचं उत्तर होतं की हरकतीचा हक्क ज्यांचं आर्थिक नुकसान होतं किंवा ज्यांच्या लहरींत व्यत्यय येतो त्यांनाच. प्रेक्षकांना तो नाही. म्हणजे प्रतिस्पर्धी केंद्राला बोलता येत होतं, पण ज्यांच्यासाठी प्रसारण होत होतं त्यांना नव्हतं. १९६६ मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने हे उलटवलं. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती वॉरन बर्गर पुढे अमेरिकेचे सरन्यायाधीश झाले. १९६९ मध्ये दुसऱ्या फेरीत त्याच न्यायालयाने त्या केंद्राच्या परवान्याचं नूतनीकरण रद्द केलं. आज अमेरिकेत प्रसारणाच्या किंवा विलीनीकरणाच्या प्रकरणात एखादा नागरिक गट उभा राहतो तो या निकालाच्या पायावर.

भारतात वेगळ्या वाटेने जवळचं तत्त्व आलं. १९९५ साली क्रिकेट सामन्यांच्या प्रसारणावरून उभ्या राहिलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की प्रसारणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे आणि त्यांचा वापर जनहितासाठी, नियंत्रित रीतीने व्हायला हवा. निवेदनात या निकालाचा आधार घ्या. सामुदायिक माध्यमाची मागणी म्हणजे उपकाराची याचना नाही, हे त्यातून एका वाक्यात सांगता येतं.

तेव्हा अर्धं पान लिहून काढा: आमचं केंद्र कुठे आहे, कोणत्या कंपनीच्या जाळ्यावर अवलंबून आहे, किती कुटुंबं ऐकतात किंवा पाहतात, कोणत्या भाषेत, आणि दुसरा कोणता मार्ग आमच्याकडे आहे किंवा नाही. शक्य असेल तिथे एखाद्या श्रोत्याचं किंवा कार्यक्रम करणाऱ्याचं शपथपत्र जोडा.

पायरी ५: पुरावा, म्हणजे नोंदवही

जॅक्सनच्या प्रकरणात तक्रारीला वजन आलं ते नोंदींमुळे. मार्च १९६४ मध्ये स्वयंसेवकांनी त्या केंद्राचं आठवडाभराचं प्रसारण पाहून टिपून काढलं: कोण दिसलं, कुणाला बोलू दिलं, काय वगळलं. कुणाचा तरी अनुभव आणि कुणी तरी तारीखवार लिहिलेला अनुभव, यांतला फरक नियामकाला बरोबर कळतो.

काय नोंदवायचं हे माध्यमावर अवलंबून आहे. केबलवरची सार्वजनिक वाहिनी असेल तर तिचा क्रमांक किती वेळा आणि किती दिवसांची सूचना देऊन बदलला. चित्राचा दर्जा शेजारच्या व्यावसायिक वाहिनीइतका आहे का. कार्यक्रम-पत्रिकेत तिच्या कार्यक्रमांची नावं दिसतात की नुसतं ‘स्थानिक कार्यक्रम’. प्रेक्षकाला कार्यक्रम रेकॉर्ड करण्याची आणि पडद्यावर संवाद वाचण्याची (कॅप्शनची) सोय मिळते का. एटी अँड टीच्या यू-व्हर्स या टीव्ही सेवेत एका भागातल्या सगळ्या स्थानिक वाहिन्या ९९ क्रमांकाखाली एका यादीत घातल्या होत्या. प्रेक्षकाला तिथे जाऊन आपलं शहर निवडायचं, मग वाहिनी सुरू होण्याची वाट पाहायची. वाहिनी ‘उपलब्ध’ होतीच, कंपनी खोटं बोलत नव्हती. पण रिमोटवर बटण दाबत जाणाऱ्या माणसाला ती कधीच सापडली नसती. २००९ मध्ये सामुदायिक माध्यमांच्या संघटनेने यावर आयोगाकडे अर्ज केला तो अशा बारीक तपशिलांवरच उभा होता.

रेडिओ असेल तर मनोऱ्याच्या भाड्याच्या पावत्या, वीज किंवा जोडणी बंद पडल्याच्या वेळा, लहरींतला व्यत्यय. मोबाइलवर चालणारं माध्यम असेल तर अपलोडचा वेग, डेटाचा भाव, आणि एखादी सेवा कंपनीच्या स्वतःच्या ॲपवर फुकट पण तुमच्या ॲपवर पैसे मोजून आहे का. मोजमाप रोज एकाच वेळी, एकाच पद्धतीने करा. पद्धतही लिहून ठेवा, नाहीतर कंपनीचा तज्ज्ञ पहिला घाव तिथेच घालेल.

पायरी ६: अट लिहायला शिका

इथे मी मुद्दाम रेंगाळणार आहे, कारण नवखे गट जिंकत आलेली बाजू इथे गमावतात.

‘कंपनीने सामुदायिक माध्यमांना योग्य तो पाठिंबा द्यावा’ ही अट नव्हे, शुभेच्छा आहे. कोणत्याही कंपनीचा वकील ती आनंदाने मान्य करील, कारण ती मोडली असं कधी सिद्धच करता येणार नाही. अटीत पाच गोष्टी हव्यात: कोण करणार, नेमकं काय करणार, कधीपर्यंत, कोण तपासणार, आणि न केल्यास काय. तीच मागणी अशी लिहून पाहा: ‘विलीन कंपनी आज प्रसारित होत असलेल्या प्रत्येक सामुदायिक वाहिनीचा क्रमांक, चित्राचा दर्जा आणि कार्यक्रम-पत्रिकेतली नोंद व्यवहार पूर्ण झाल्यापासून सात वर्षं व्यावसायिक स्थानिक वाहिन्यांच्या बरोबरीची ठेवील, बदल करायचा असल्यास वाहिनीची लेखी संमती घेईल, दर सहा महिन्यांनी अहवाल जाहीर करील, वाहिनीची तक्रार आल्यास नियामक साठ दिवसांत निर्णय देईल.’ वाक्य रुक्ष आहे, असायलाच हवं.

अशा अटी मिळतात याचा दाखला आहे. जानेवारी २०११ मध्ये अमेरिकेतल्या कॉमकास्ट या केबल कंपनीला एनबीसी युनिव्हर्सल ही माध्यम कंपनी घ्यायला परवानगी मिळाली तेव्हा जोडलेल्या अटींत सार्वजनिक, शैक्षणिक आणि प्रशासकीय वाहिन्यांचा स्वतंत्र भाग होता. जिथे संपूर्ण केबल यंत्रणा डिजिटल झालेली नाही तिथे केवळ या वाहिन्या उचलून डिजिटलवर ढकलायच्या नाहीत, हे त्यात होतं. तसं झालं असतं तर साधा टीव्ही असलेल्या घरांतून नेमक्या याच वाहिन्या नाहीशा झाल्या असत्या. काही शहरांत त्यांचे कार्यक्रम मागणीनुसार पाहण्याच्या सोयीवर आणून बघण्याचंही ठरलं. आपल्या वाहिनीवर नेमकं काय गुदरणार आहे हे ज्यांना आधीच माहीत होतं, त्यांनी मागितल्याशिवाय असा तपशील आदेशात येत नसतो.

पैशाच्या अटीसाठी कॅनडाकडे पाहा. तिथे प्रसारण परवान्याची मालकी बदलताना खरेदीदाराने व्यवस्थेला ‘ठोस लाभ’ द्यायचे, असा दंडक आहे. दूरचित्रवाणीच्या व्यवहारात किमतीच्या साधारण दहा टक्के. बेल या दूरसंचार कंपनीने सीटीव्ही ही दूरचित्रवाणी कंपनी घेतली त्या व्यवहारातल्या रकमेतून ३० लाख कॅनेडियन डॉलरचा एक निधी उभा राहिला, आणि तो आहे प्रसारणाच्या सुनावण्यांत भाग घेणाऱ्या जनहित गटांचा खर्च भागवण्यासाठी. एका विलीनीकरणाच्या पैशातून पुढच्या विलीनीकरणांवर बोलणाऱ्यांची सोय, याहून दूरदृष्टीची अट मला माहीत नाही. त्याच बेलने ॲस्ट्रल मीडिया घ्यायचा प्रस्ताव आणला तेव्हा ऑक्टोबर २०१२ मध्ये आयोगाने तो साफ नाकारला. कंपनीने वाहिन्या विकायची तयारी दाखवून सुधारित प्रस्ताव आणला, मग जून २०१३ मध्ये अटींसह मान्यता मिळाली. कधी कधी संपूर्ण नकारही मिळतो, आणि नकारानंतरच्या दुसऱ्या फेरीत मागण्या अधिक मिळतात.

एका प्रकारच्या अटीपासून जपून राहा: जिचा सगळा भार भविष्यात उभ्या राहणाऱ्या नव्या स्पर्धकावर असतो. २०२० मध्ये अमेरिकेत टी-मोबाइल आणि स्प्रिंट या मोबाइल कंपन्या एकत्र आल्या तेव्हा बाजारातली चौथी कंपनी नाहीशी होते म्हणून डिश या उपग्रह-टीव्ही कंपनीने नवं जाळं उभारून ती जागा घ्यावी असं ठरलं. ऑगस्ट २०२५ मध्ये डिशच्या मूळ कंपनीने आपल्या स्पेक्ट्रमचा मोठा हिस्सा सुमारे २३ अब्ज डॉलरला एटी अँड टीला विकण्याचा करार जाहीर केला. आज हातात असलेली जागा टिकवणारी अट उद्या येणाऱ्या वाटेकऱ्यावर विसंबणाऱ्या अटीपेक्षा भक्कम.

पायरी ७: निवेदन लिहा, आपल्या शब्दांत

चार-पाच पानं पुरतात. वर प्रकरण क्रमांक आणि तारीख, मग आम्ही कोण, आमचं काय नुकसान, पुरावा काय, कायद्यातला आधार कोणता, मागणी काय. मागणी पहिल्या पानावरही दोन ओळींत सांगा. वाचणारा अधिकारी एका दिवसात अशी अनेक निवेदनं चाळतो.

एकच मजकूर हजारो लोकांनी पाठवण्याच्या मोहिमेवर माझा फारसा विश्वास नाही. अमेरिकेत २०१७ मध्ये नेट न्यूट्रॅलिटीवर (इंटरनेटवरच्या सगळ्या मजकुराला कंपन्यांनी समान वागवावं, या तत्त्वावर) २.२ कोटींहून अधिक मतं आली. न्यूयॉर्कच्या महाधिवक्त्यांच्या चौकशीत त्यातली जवळपास १.८ कोटी बनावट निघाली. तेव्हापासून नुसत्या आकड्यांकडे संशयाने पाहिलं जातं. भारतात २०१५ मध्ये त्याच विषयावर ‘ट्राय’कडे, म्हणजे भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाकडे, दहा लाखांहून अधिक ईमेल गेले आणि त्यामुळे विषय घराघरात पोहोचला, हे मान्यच आहे. ८ फेब्रुवारी २०१६ ला ट्रायने डेटाच्या भेदभावी दरांवर बंदी घातली. पण ज्या ईमेलांत सल्लामसलत-पत्रातल्या प्रश्नांना क्रमवार, मुद्देसूद उत्तरं होती त्यांचं वजन वेगळं होतं. नियामकाने प्रश्न विचारले असतील तर प्रश्नांचीच उत्तरं द्या.

त्याच वेळची एक गोष्ट ध्यानात ठेवा. ट्रायने आलेले सगळे ईमेल पाठवणाऱ्यांच्या पत्त्यांसकट जाहीर केले होते. निवेदन सार्वजनिक होतं, हे गृहीत धरूनच लिहा. घरचा पत्ता, वैयक्तिक फोन त्यात घालू नका. गटासाठी वेगळा ईमेल उघडा. श्रोत्यांची शपथपत्रं जोडताना त्यांना हे समजावून सांगून मगच सही घ्या.

पायरी ८: सोबत कुणाची

ग्रंथालयं, शाळा, अपंगांच्या संघटना, स्थानिक स्वराज्य संस्था, कामगार संघटना, ग्राहक पंचायती. यातल्या प्रत्येकाचं काहीतरी पणाला लागलेलं असतं. अमेरिकेत शहरांचा भाग विशेष मोठा, कारण १९८४ च्या केबल कायद्याने शहरांना सार्वजनिक वाहिन्या मागण्याचा अधिकार दिला आणि केबल कंपनीच्या उत्पन्नाच्या पाच टक्क्यांपर्यंत शुल्क घेऊ दिलं. २००५ मध्ये टेक्सासपासून सुरुवात होऊन अनेक राज्यांनी हे करार शहरांकडून राज्य पातळीवर नेले आणि कित्येक सार्वजनिक वाहिन्यांचा आधारच डळमळला. तुमच्या भागात अधिकार कोणत्या पातळीवर आहे ते पाहून सोबती निवडा.

प्रतिस्पर्धी कंपन्याही हात पुढे करतील. त्यांच्याकडे वकील असतात, आकडे असतात. माहिती घ्यावी, पण निवेदन एकत्र देऊ नये आणि पैसा तर घेऊच नये. कंपनीचं समाधान झालं की ती एका रात्रीत हरकत मागे घेते, आणि तिच्यासोबत उभा असलेला गट एकटा पडतो.

पायरी ९: अधिकाऱ्यांना भेटा

लेखी निवेदनानंतर भेट मागता येते, आणि मागावी. अमेरिकी आयोगात अशी भेट झाल्यावर काय बोलणं झालं त्याचा गोषवारा दोन कामकाजाच्या दिवसांत त्या प्रकरणात दाखल करावा लागतो. हा नियम कंपन्यांनाही लागू आहे, म्हणून त्यांचे गोषवारे नियमित वाचा. कोणती अट घासाघिशीत आहे ते त्यावरून कळतं. भारतात ट्राय धोरणविषयक प्रश्नांवर खुली चर्चा घेतं. तिथे बोलायला दोन-तीन मिनिटं मिळतात. तेवढ्यात एकच मागणी आणि एकच पुरावा सांगा. भेटीला केंद्रावर प्रत्यक्ष कार्यक्रम करणारी व्यक्ती न्या. दिवसभर वकिलांना ऐकलेल्या अधिकाऱ्याला मासेमारांसाठी हवामानाची बातमी वाचणारी बाई काय सांगते ते लक्षात राहतं.

पायरी १०: निकालानंतरचं राखण

निकाल लागला की बहुतेक गट पांगतात. कंपनीचं मात्र काम तेव्हा सुरू होतं. कॉमकास्टवर स्वतंत्र (टीव्हीच्या पॅकेजशिवाय) ब्रॉडबँड जोडणी परवडणाऱ्या दरात देण्याची आणि तिची जाहिरात करण्याची अट होती. जाहिरात नीट होत नाही अशी चौकशी झाली आणि २०१२ मध्ये कंपनीने आठ लाख डॉलर भरून प्रकरण मिटवलं. अटीची मुदतही वाढवून घेतली गेली. कुणी तरी लक्ष ठेवलं नसतं तर ती अट कागदावरच राहिली असती.

त्यासाठी आदेशाच्या प्रतीतून आपल्याशी संबंधित अटी एका पानावर उतरवा, प्रत्येकीपुढे तारीख आणि जबाबदार माणूस लिहा. कंपनीचे अनुपालन अहवाल येतील तसे तपासा. भारतात अहवाल जाहीर होत नसेल तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज करा. पायरी ५ मधली नोंदवही बंद करू नका. ‘आधी’च्या नोंदी तुमच्याकडे आहेत, ‘नंतर’च्या नोंदी आल्या की तुलना करता येते. अटी कायमच्या नसतात. कॉमकास्टच्या त्या अटी सात वर्षांच्या होत्या आणि २०१८ मध्ये संपल्या. संपण्याची तारीख वर्षभर आधी ध्यानात असेल तर त्यातलं काय कायद्यात किंवा परवान्याच्या शर्तींत आणून घ्यायचं याची तयारी करता येते.

ती तयारी विलीनीकरणाच्या प्रकरणांबाहेर होते. सामुदायिक माध्यमांचा हक्क धोरणात जितका पक्का, तितकं पुढच्या व्यवहारात कमी मागावं लागतं. अमेरिकेत जानेवारी २०११ मध्ये झालेल्या कायद्याने कमी शक्तीच्या सामुदायिक रेडिओला मोठ्या शहरांत जागा खुली झाली. अर्जेंटिनाने २००९ च्या कायद्यात ना-नफा संस्थांसाठी ३३ टक्के लहरी राखून ठेवल्या. भारतात २००२ मध्ये फक्त शिक्षणसंस्थांना मिळालेला सामुदायिक रेडिओचा हक्क २००६ मध्ये स्वयंसेवी संस्थांपर्यंत आला, आणि २०२४ च्या सुधारित मार्गदर्शक तत्त्वांनी तासाला बारा मिनिटं जाहिराती घ्यायला मुभा दिली. त्याआधी ट्रायने या विषयावर जाहीर सल्लामसलत केली होती. अशी सल्लामसलत निघते तेव्हा मोठ्या कंपन्यांचे प्रतिनिधी हजर असतातच. विलीनीकरणाच्या वेळी जमवलेला गट, नोंदवही आणि निवेदनाचा मसुदा तिथे जसाच्या तसा उपयोगी पडतो, म्हणून नियामकाच्या संकेतस्थळावरचं सूचनांचं पान आठवड्यातून एकदा उघडून पाहण्याचं काम गटातल्या एकाकडे आजच सोपवा.